शनिवारच्या केळ्यांबद्दल : आमच्या वानरसेवा मंडळाला खुलं पत्र

मंडळातले सगळे काका-काकू, दादा-वहिनी, आणि जी पोरं फक्त रील काढायला येतात त्यांनाही,

सप्रेम नमस्कार आणि जय बजरंगबली.

हे खरंतर मी ग्रुपवरच टाकणार होते, पण आपल्या ग्रुपवर काहीही टाकलं की खाली वीस जण जोडलेले हात टाकतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून उघड लिहितेय. नाव कुणाचंच घेत नाही, मंदिराचंही नाही, इंदूरमध्ये मारुतीची मंदिरं काही कमी नाहीत आणि शनिवारी केळी घेऊन निघणारी मंडळंही कमी नाहीत, ज्याला लागू पडेल त्याने घ्यावं. आणि नाव घ्यायचंच झालं तर आधी माझंच घ्यावं लागेल, कारण हिशेबाची वही नऊ वर्षं माझ्याकडे आहे. दर शनिवारी अठरा डझन केळी, पाच किलो चणे, दोन किलो गूळ, टोस्टची चार पाकिटं (हे टोस्ट कुणी सुरू केले देव जाणे), श्रावणात सगळं डबल आणि हनुमान जयंतीला तर टेम्पोच. सगळं माझ्या अक्षरात आहे. तेव्हा मी बाहेरून येऊन शहाणपणा शिकवतेय असं कुणी म्हणू नका.

संक्रांतीनंतरचा तो शनिवार आठवतो ना. सिमरोल सोडून भेरूघाटात आपण नेहमीच्या वळणावर गाडी लावली, आपल्या दादांनी नेहमीसारखे तीन हॉर्न दिले, आणि वरच्या कड्यावरून वानरांची टोळी धाडधाड खाली उतरली. आपला हॉर्न ती ओळखतात याचं आपल्याला केवढं कौतुक! मीच बहिणीला फोनवर सांगायचे, अगं आमची वाट बघतात ती. त्या दिवशी एक मादी रस्त्याच्या पलीकडून निघाली, पोटाला पिल्लू, आणि वरून ट्रक येत होता. ट्रकवाल्याची चूक होती असं आपण सगळे बोललो. मी पण बोलले. पिल्लू वाचलं होतं, दुसऱ्या एका मादीने येऊन ते उचललं आणि झाडावर गेली. वानरांत तसं असतं, पिल्लू एकीकडून दुसरीकडे फिरत राहतं, माद्या एकमेकींची पोरं सांभाळतात. पण अंगावरचं पिणारं पोर होतं ते, त्याला दूध कोण देणार हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

मग आपण काय केलं? भगवं कापड, नारळ, हार, गुलाल, शेजारच्या गावातून ढोलवाला, खड्डा खणायला दोन माणसं. वहीत लिहिलंय, २,३४० रुपये. कुणीतरी म्हणालं, भाग्यवान हो, शनिवारी गेली. मी रडले पण. फक्त एक गोष्ट त्या दिवशी कुणीच बोललं नाही, की ती रस्ता ओलांडून येत कशासाठी होती. आपल्या केळ्यासाठी येत होती. हॉर्न आपलाच होता.

बस, माझं म्हणणं एवढंच आहे, पण एवढ्यावर तुम्ही मला गप्प बसवाल म्हणून पुढचं लिहितेय.

आधी हे सांगते की मला श्रद्धेची चेष्टा करायची नाहीये. आपल्याच माळव्यात राजगड जिल्ह्यात डालूपुरा गाव आहे, तिथे २०२१ च्या डिसेंबरअखेर एक वानर वारलं तर गावाने त्याची रीतसर अंत्ययात्रा काढली, मग जानेवारीत दीड हजार माणसांचं जेवण घातलं, आणि कोरोनाचे नियम मोडले म्हणून पोलिसांची केस झाली. तेव्हा देशभर लोक हसले. मी नाही हसले. ज्या गावात वानराचं तेरावं घालतात त्या गावात वानराला कुणी दगड मारत नसणार, एवढं मला कळतं. आणि तिकडे आपल्या महाराष्ट्रात, धाराशिव जिल्ह्यात उपळा गावात, ३२ एकर जमीन पंचायतीच्या कागदावर माकडांच्या नावाने लागलेली आहे, २०२२ मध्ये पेपरात आलं होतं. कुणी लावली, कधी लावली हे गावालाच ठाऊक नाही. पूर्वी लग्न असलं की आधी माकडांना मान द्यायचे आणि मग अक्षता. आता बघा, त्या लोकांनी माकडांना काय दिलं, केळी नाही दिली, जमीन दिली!

माझी आजी देवासची. तिच्या माहेरी शेत होतं, आणि शेताच्या कडेच्या दोन ओळी हरभऱ्याच्या वानरांच्या म्हणून सोडायची पद्धत होती, त्या ओळींत घाटे धरले तरी कुणी हात लावायचा नाही. पण वानर त्या ओळी ओलांडून आत आलं की हीच आजी गोफण घेऊन उठायची. आम्ही विचारायचो, आजी पाप नाही का लागत, तर म्हणायची, "मारुती वेशीवर का बसलाय? वेस सांभाळायला. त्याने वेस ओलांडली तर हाकलायचं, आपण ओलांडली तर कान धरायचे." लहानपणी हे बोलणं आम्हाला विनोद वाटायचं. आता पन्नाशीत वाटतंय की यापेक्षा सरळ कुणी सांगितलंच नाही. गावोगावी बघा ना, मारुती घरात नसतो, गावाच्या मध्यावर पण फारसा नसतो, वेशीवर असतो. अलीकडे गाव, पलीकडे रान. आपण कार घेतल्या, केळी घेतली आणि वेस पुसून टाकली.

आता ही परंपरा आहे म्हणणाऱ्या काकांसाठी. काका, मंदिराच्या आवारात चणे-फुटाणे टाकायची रीत जुनी असेल, पण घाटातल्या हायवेवर गाडी थांबवून खिडकीतून केळं फेकायची परंपरा गाडी आल्यावरची आहे. आणि चणे-गूळ तर आपल्यातल्या अर्ध्या लोकांना ज्योतिषाने सांगितलेत. साडेसाती आहे, शनिवारी माकडाला चणे-गूळ घाला, कारण शनीने मारुतीला शब्द दिलाय की तुझ्या भक्ताला त्रास देणार नाही. मला मान्य आहे. माझ्या ह्यांची साडेसाती होती तेव्हा मी पण घातलेत. पण शनी महाराजांना ते चणे कुणी खाल्ले हे घाटापर्यंत येऊन तपासायला वेळ असेल असं मला नाही वाटत, मंदिरासमोर बसणाऱ्या म्हातारीने खाल्ले तरी चालत असावं.

दुसरं, आपण वानर आणि माकड यांची पार भेळ करून टाकली आहे. इंदूरमध्ये राहून आपल्याला हिंदीची सवय, सगळ्यांनाच बंदर म्हणतो. मराठीत बरं आहे, वानर वेगळा आणि माकड वेगळं. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, राखाडी, तो वानर, त्यातला दांडगा नर म्हणजे हुप्प्या. लंकेत शेपटीची आग विझवताना मारुतीचं तोंड काळं झालं, म्हणून याचं काळं, असं आपण पोरांना सांगतो. तांबड्या तोंडाचं, आखूड शेपटीचं ते माकड. आपल्या रक्तगटात आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितात ना, ते याच माकडाच्या ऱ्हीसस या नावावरून आलं. वानर मुळात पानं खाणारा, त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात, पाला आंबवून पचवायला आत जिवाणू असतात. तिथे टोस्ट आणि गूळ घातला की त्या पोटाचं काय होत असेल हे ज्याला ॲसिडिटी आहे त्याने तरी समजून घ्यावं. माकडाचं उलट, ते काहीही खातं आणि काहीही शिकतं, पिशवी ओढायला, झिप उघडायला, चष्मा पळवायला. आणि रोज आयतं मिळायला लागलं की पिल्लं पण जास्त जगतात. मी वही घेतली तेव्हा त्या वळणावर फक्त वानरं होती. गेल्या तीन वर्षांत तांबड्या तोंडाची टोळी तिथे येऊन बसलीय आणि वानरं वरच्या कड्यावर. हे मी कुठे वाचून सांगत नाही, डोळ्याने बघितलंय, तुम्हीही बघितलंय, फक्त कुणी म्हटलं नाही.

आपला दूधवाला सिमरोलच्या पुढचा आहे हे कितीजणांना माहितीये? तीन बिघे जमीन, रब्बीला हरभरा आणि थोडा लसूण. मी त्याला सहज विचारलं की यंदा घाटे कसे आहेत, तर म्हणाला दीदी, तुमच्या मंडळाला सांगा शनिवारसारखं रविवार ते शुक्रवार पण यायला. मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं की शनिवारी आपण टोळी रस्त्यावर उतरवतो, सवय लावतो, आणि उरलेले सहा दिवस ती टोळी त्याच्या शेतात असते. तो आधी हात जोडतो, जय बजरंगबली म्हणतो आणि मग सुतळी बॉम्ब फोडतो. त्याच्या बापाने कधी फोडला नव्हता. आता त्याचा मुलगा गुलेल चालवतो आणि तो हात जोडत नाही. तीन पिढ्यांत श्रद्धा कशी आटते ते तिथे दिसतं, आणि ती कुठल्या नास्तिकाच्या भाषणाने आटलेली नाहीये.

माझी भाची वन्यजीवांचा अभ्यास करते. दिवाळीत आली होती, तिच्यापुढे मी मोठ्या तोऱ्यात आपल्या सेवेचं सांगितलं. ती काही वेडंवाकडं बोलली नाही, गुणी आहे पोरगी, पण मग दोन रात्री तिने मला जे सांगितलं त्यातलं जमेल तेवढं इथे सांगते, कारण मला वाटायचं वैज्ञानिक लोक श्रद्धेला नावंच ठेवत असतील, आणि निघालं भलतंच. या लोकांना आपल्या श्रद्धेची आपल्यापेक्षा जास्त किंमत आहे. वानराच्या जातीचं शास्त्रीय नावच सेम्नोपिथेकस, म्हणजे पूज्य माकड, आणि ते १८२२ मध्ये एका फ्रेंच माणसाने ठेवलंय.

ती म्हणाली, मावशी, १९५० च्या दशकात आपल्या देशातून तांबड्या तोंडाची माकडं परदेशी प्रयोगशाळांना जायची, वर्षाला लाखाच्या घरात, पोलिओच्या लशीच्या कामासाठी मुख्यतः. पुढे साउथविक नावाचे अमेरिकन आणि अलीगढचे सिद्दिकी यांनी उत्तर प्रदेशात गावं, रस्ते, मंदिरं फिरून माकडं मोजली, वर्षानुवर्षं मोजली, आणि ती कमी होत चालल्याचं दिसलं. १९७८ मध्ये मोरारजींच्या सरकारने निर्यात पूर्ण बंद केली, तिकडे अमेरिकेत लष्करी रेडिएशनच्या प्रयोगांत ही माकडं वापरल्याचं बाहेर आलं होतं म्हणून. त्यानंतर संख्या पुन्हा वाढली. म्हणजे ज्या माकडांना आज आपण शहरात शिव्या घालतो ती एके काळी संपत चालली होती. आणि आता २०२२ च्या दुरुस्तीत वन्यजीव कायद्याच्या यादीतून याच तांबड्या तोंडाच्या माकडाचं नाव काढलं गेलं. कायद्याचं छत्र असं येतं-जातं. शिमल्यात २०१६ मध्ये सरकारने माकडांना उपद्रवी ठरवून मारायची मुभाच दिली होती, तरी मारायला फारसं कुणी पुढे आलं नाही, हात धजला नाही लोकांचा. तो न धजणारा हात म्हणजे श्रद्धा. तिला पगार लागत नाही, युनिफॉर्म लागत नाही.

जिथे ही श्रद्धा नाही, किंवा भलतीच आहे, तिथे काय होतं तेही तिने सांगितलं. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरात निलगिरी लंगूर म्हणून काळाकुळकुळीत वानर असतो, आपल्या वानराचाच चुलतभाऊ म्हणा. त्याच्या मांसाचं रसायन दम्याला आणि ताकदीला चांगलं, या समजुतीपायी तो इतका मारला गेला की काही जंगलांत दिसेनासा झाला. तिकडे अरुणाचलमध्ये ईदू मिश्मी लोक, ते शिकार करणारे लोक आहेत, पण हूलॉक गिबनला हात लावत नाहीत, त्यांच्यात ते निषिद्ध आहे. हूलॉक म्हणजे बिनशेपटीचा, झाडावरून झोके घेत जाणारा, भारतातला एकमेव एप, म्हणजे गोरिला-चिंपांझीच्या गटातला. आणि मादागास्कर बेटावर तर एकाच जंगलात दोन्ही प्रकार, इंद्री नावाचा मोठा लीमर, म्हणजे माकडांचा लांबचा नातलग, तिथले लोक पूर्वज मानतात म्हणून मारत नाहीत, आणि आय-आय नावाचा बिचारा लांब बोटाचा प्राणी, तो दिसला म्हणजे मरण येणार असं म्हणून दिसेल तिथे मारतात. दोन्ही समजुतीच. एकीने जगवलं, एकीने मारलं. म्हणून नुसतं श्रद्धा आहे श्रद्धा आहे म्हणून भागत नाही, ती कुणीकडे तोंड करून उभी आहे ते बघावं लागतं.

मला सगळ्यात जास्त लागली ती घाना देशातली गोष्ट. आफ्रिकेत. बोआबेंग आणि फिएमा अशी दोन शेजारची गावं, तिथली माकडं गावच्या देवाची लेकरं मानतात, मेलेलं माकड सापडलं तर पुरतात, आपल्यासारखंच हो अगदी. १९७० च्या दशकात तिथे नवा पंथ आला आणि त्यातल्या लोकांनी मुद्दाम माकडं मारायला सुरुवात केली, बघा काही होतंय का म्हणून. काहीच झालं नाही. श्रद्धेची हीच अडचण आहे, एकाने मोडली आणि वीज पडली नाही की दुसरा मोडतो. पण गावकरी घाबरून बसले नाहीत, सरकारकडे गेले, आणि १९७५ मध्ये तिथे माकडं मारायला बंदी करणारा स्थानिक कायदा करून घेतला. आज तिथे माकडं आहेत, आजूबाजूला नाहीत तेवढी. त्या लोकांनी देवावर सोडून दिलं असतं तर संपलं असतं सगळं. मी भाचीला म्हटलं, आमच्याकडे कुणी नवा पंथ नाही बाई. ती म्हणाली, मावशी, तुमच्याकडे चावा आहे. एक माकड एका पोराला चावलं, रेबीजची पाच इंजेक्शनं घ्यावी लागली, की त्या घरातली श्रद्धा गेली. आणि चावायला त्याला शिकवलं कुणी?

मी तिला चहा करून दिला, उत्तर दिलं नाही.

हो, दिल्लीचं राहिलं. तिथे माकडांना हुसकायला सरकारी इमारतींभोवती पाळलेले लंगूर, म्हणजे आपले काळ्या तोंडाचे वानरच, फिरवायचे, लंगूरवाले ठेवले होते नोकरीला. २०१२ च्या सुमारास पर्यावरण मंत्रालयाने आठवण करून दिली की लंगूर वन्यजीव कायद्यात येतो, त्याला असं दोरीला बांधून कामाला लावता येत नाही, मग माणसंच लंगूरचे आवाज काढायला ठेवली. २०२३ मध्ये जी-२० ला तर लंगूरचे कटआउट उभे केले. यावर जेवढं हसायचं तेवढं हसा, पण मला त्यात आपलं शहर दिसतं पंधरा वर्षांनंतरचं. आपण २०१७ पासून स्वच्छतेत पहिले येतो, रस्त्यावर चॉकलेटचा कागद टाकत नाही, टाकला तर शेजारचा पोरगा टोकतो, आणि तेच आपण घाटात जाऊन केळ्यांच्या साली, चण्यांच्या पिशव्या आणि टोस्टची रॅपर सोडून येतो. ते प्लास्टिक माकडं चाटतात. घाटात कचरा गाडीचं गाणं वाजत नाही म्हणून का?

आता तुमचं एक म्हणणं खरं आहे ते मी मान्य करते. घाटात आता पूर्वीसारखं खायला राहिलं नाही. चौपदरी रस्ता झाला, बोगदे खणले, झाडं गेली. आपण देतो म्हणून ती जगतात असं तुम्ही म्हणता. मी पण म्हणायचे. पण अठरा डझन केळ्यांत त्या टोळीचा एक दिवस निघतो, तोही धड नाही, त्यात निम्मी हुप्प्याच खातो. आणि ज्या दिवशी वड, उंबर, पिंपळ तुटले त्या दिवशी आपल्यातला एक जण तिथे उभा नव्हता. मी पण नव्हते. वानर मेला तर आपण ढोल आणतो, वड मेला तर आपल्याला कळत पण नाही. कीर्तनात मधुवनाची गोष्ट ऐकतो ना, सीतेचा शोध लागल्याच्या आनंदात वानरांनी सुग्रीवाच्या बागेतला मध पिऊन धिंगाणा घातला, रखवालदाराने तक्रार केली तर सुग्रीव उलट खुश झाला. पण त्या गोष्टीत मधुवन होतं, बाग आधी होती मग धिंगाणा. आपल्याकडे धिंगाणा आहे, मधुवन कुठाय?

कान्हात जाऊन आलात ना तुम्ही बरेच जण. तिथे गाईडने दाखवलं असेल, वानर झाडावर पाला तोडतो, अर्धा खातो अर्धा खाली टाकतो, खाली चितळ तोच पाला खातं. वाघ-बिबट्या दिसला की वानर वरून खोकल्यासारखा आवाज काढतो आणि चितळ सावध होतं. हे त्याचं खरं काम. आपल्या घाटातला वानर खाली रस्त्याकडे बघत बसतो, पांढऱ्या गाड्या मोजत.

तर मला काय हवंय ते सांगते, फार नाही.

घाटातल्या त्या वळणावर गाडी थांबवणं आधी बंद. एकदम बंद केलं तर ती गाड्यांवर उड्या मारतील अशी भीती कुणी घातली, त्यात तथ्य असेल, तर आधी टोस्ट-गूळ बंद, मग केळी कमी, पावसाळा लागला की पूर्ण बंद, पावसाळ्यात रानात पाला भरपूर असतो. तीन हॉर्न तर आजच बंद, प्लीज.

दुसरं, जंगल खात्याचा खाऊ घालू नका असा बोर्ड आपण नऊ वर्षं वाचतोय आणि त्याच्याच सावलीत गाडी लावतोय. खात्याचं आपण ऐकत नाही. पण पुजारीबुवांनी शनिवारच्या आरतीनंतर माईकवरून दोन वाक्यं म्हटली, की बाबांनो मारुतीच्या लेकरांना रस्त्यावर बोलावू नका, तर अर्ध्या इंदूरमध्ये ते पोचेल, कारण बुवांचं आपण ऐकतो. साडेसातीवाल्यांना पण बुवांनीच सांगावं, ज्योतिषाविरुद्ध माझं कोण ऐकणार. हनुमान जयंतीच्या टेम्पोवर केळ्यांऐवजी हेच वाक्य लिहून फिरवा, ढोल हवा तेवढा वाजवा.

आणि पैसे. वहीप्रमाणे वर्षाला आपले एक लाखाच्या थोडे वर जातात, श्रावण आणि जयंती धरून. दूधवाल्याच्या गावच्या पंचायतीची चरनोईची, म्हणजे गुरं चारायची जमीन आहे, उजाड, रानाला लागून आणि रस्त्यापासून लांब, सरपंच बोलायला तयार आहे. तिथे वड, उंबर, पिंपळ, जांभूळ लावायचे, कुंपण करायचं आणि तीन उन्हाळे टँकरने पाणी घालायचं. रोप लावून फोटो काढून यायचं नाही, तीन उन्हाळे. उंबर फळायला वेळ लागेल, आपल्यातले काही जण तोवर नसतील, बोलायला वाईट वाटतं पण खरं आहे. त्यातूनच थोडे पैसे हरभऱ्याच्या दोन महिन्यांत त्या चार-पाच शेतकऱ्यांना राखणदार ठेवायला द्यायचे, म्हणजे गुलेलची पाळी येणार नाही. कडेच्या दोन ओळी सोडायला मी त्यांना सांगून बघेन, आजीचं नाव घेऊन. हसतील, पण एखादा सोडेल.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी मंगळवारी आरतीनंतर थांबा, भांडू. मी वही घेऊन येते. ज्यांना पुण्याची काळजी आहे त्यांनी येताना एवढं सांगा, की त्या मादीचं जे झालं ते आपल्या कुठल्या खात्यात लिहायचं, मला ते पान अजून बंद करता आलेलं नाही.

या शनिवारसाठी १,८५० रुपये जमलेत, माझ्याकडे आहेत. मंडीतल्या केळीवाल्याला शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत हो-नाही कळवावं लागतं, नंतर तो माल दुसऱ्याला देतो. तेव्हा त्याच्या आधी सांगा, म्हणजे मी त्याला फोन करते.

तुमचीच,
वहीवाली काकू